प्रोपिऑनिक आम्ल साचलेली टाकी: कार्बन टाकावा का, कोणता आणि किती?

ओल्या कचऱ्यावर चालणाऱ्या बायोगॅस प्रकल्पात ग्राफिन (कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा) किंवा कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) मिसळल्यास गॅस वाढतो, असे अलीकडे वारंवार वाचायला मिळते. प्रयोगशाळेत तो वाढतो, यात शंका नाही. प्रश्न तीनशे घनमीटरच्या टाकीचा आहे. खालचे प्रकरण एखाद्या नावानिशी प्रकल्पाचे नाही. खानावळी, हॉटेले आणि मंडईच्या कचऱ्यावर चालणाऱ्या प्रकल्पांत नेहमी दिसणारी स्थिती घेतली आहे आणि हिशेब करता यावा म्हणून तिला ठरावीक आकडे दिले आहेत. आपल्या प्रकल्पाचे आकडे घालून हाच हिशेब पुन्हा करता येईल.

स्थिती

टाकीची कामाची क्षमता 300 घनमीटर आहे. ढवळणी यांत्रिक, तापमान 37 अंश. रोज 5 टन ओला कचरा दळून, तितकेच पाणी मिसळून, 10 घनमीटर फीड जातो, म्हणजे फीडचा टाकीतला मुक्काम 30 दिवसांचा. कचऱ्यात व्हीएस (घनपदार्थांतला जळून जाणारा, सेंद्रिय भाग) वजनाच्या 20 टक्के धरला तर रोज 1000 किलो व्हीएस. टाकीवरचा भार घनमीटरमागे दिवसाला 3.3 किलो येतो. गॅस रोज साधारण 550 घनमीटर, त्यात मिथेन 60 टक्के.

लग्नसराईत कचरा 7 टनांवर गेला. भार 4.7 किलो झाला आणि मुक्काम 21 दिवसांवर आला. तीन-चार आठवड्यांत गॅसमधला मिथेन 60 वरून 53 टक्क्यांवर घसरला, टाकीत फेस वाढला. पीएच मात्र 7.4 च्या आसपासच राहिला, आणि इथेच बहुतेक प्रकल्प फसतात. अन्नाच्या कचऱ्यात प्रथिने भरपूर असतात. त्यांतून सुटलेल्या अमोनियामुळे टाकीची अल्कलिनिटी (आम्ल झेलण्याची क्षमता) इतकी वाढते की हजारो मिलिग्रॅम आम्ल साचले तरी पीएच हलत नाही. तो हलतो तेव्हा टाकी हातची गेलेली असते.

म्हणून पीएचवर न थांबता टायट्रेशन करायचे. टाकीतली स्लरी (पातळ रबडी) गाळून 20 मिलीलिटर घ्या आणि 0.1 नॉर्मल सल्फ्युरिक आम्लाने पीएच 5.0 पर्यंत आणा. लागलेले आम्ल गुणिले 250 म्हणजे अल्कलिनिटी. तिथून पुढे 4.4 पर्यंत किती आम्ल लागले ते मोजा. त्याला 1.66 ने गुणून 0.15 वजा करा, मग 500 ने गुणा. उत्तर म्हणजे आम्लांचा ढोबळ आकडा. या प्रकरणात पहिला आकडा 36 मिलीलिटर आला, म्हणजे अल्कलिनिटी लिटरला 9000 मिलिग्रॅम. दुसरा 4.9 आला, म्हणजे आम्ले सुमारे 4000. आम्ले भागिले अल्कलिनिटी हे गुणोत्तर 0.44. साधारण 0.3 पर्यंत निर्धास्त राहता येते, 0.4 च्या वर गेल्यास फीड कमी करावा लागतो.

टायट्रेशन कोणते आम्ल साचले ते सांगत नाही. त्यासाठी नमुना गॅस क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) असलेल्या प्रयोगशाळेत पाठवावाच. इथे ॲसेटिक 900 आणि प्रोपिऑनिक 2600 मिलिग्रॅम निघाले. प्रोपिऑनिकचे ॲसेटिकशी प्रमाण 1.4 च्या पुढे गेले की धोक्याची खूण मानतात. इथे ते जवळपास 2.9 आहे.

प्रोपिऑनिकच का साचते

ॲसेटिक आम्ल थेट मिथेनजनक सूक्ष्मजीवांचे खाद्य आहे. प्रोपिऑनिक तसे नाही. ते आधी काही ठरावीक जिवाणू ॲसेटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये फोडतात. प्रमाण स्थितीत या अभिक्रियेतून ऊर्जा सुटत नाही, उलट मोलमागे 76 किलोज्यूल लागते. हायड्रोजनचा दाब वातावरणाच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका खाली राहिला, तरच ती पुढे सरकते. म्हणजे शेजारच्या मिथेनजनकाने हायड्रोजन तयार होताक्षणी गिळायला हवा. दोघांमधली ही देवाणघेवाण थोडी मंदावली की प्रोपिऑनिक अडकते.

कार्बनची भूमिका इथे येते. 2010 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील डेरेक लव्हली यांच्या गटाने दाखवले की जिओबॅक्टर या जिवाणूच्या दोन जाती हायड्रोजनचा मध्यस्थ न वापरता एकमेकींना थेट इलेक्ट्रॉन देऊ शकतात. 2012 मध्ये त्याच गटाने दाणेदार ॲक्टिव्हेटेड कार्बन हे काम सोपे करतो असे दाखवले. 2014 मध्ये मिथेनोथ्रिक्स आणि मिथेनोसार्सिना हे मिथेनजनकही असे थेट इलेक्ट्रॉन घेतात हे पुढे आले. विद्युतवाहक कण मध्ये असला तर जिवाणू इलेक्ट्रॉन कणाला देतो आणि मिथेनजनक कणाकडून घेतो. हायड्रोजन विरघळून, पसरत, पलीकडे पोहोचण्याची वाट पाहावी लागत नाही.

नॅनो कार्बनचे आकडे याच वाटेने आले. 2017 मध्ये आयर्लंड आणि चीनमधील संशोधकांच्या संयुक्त प्रयोगात लिटरला 1 ग्रॅम ग्राफिन घातल्यावर इथेनॉलपासूनचे मिथेन 25 टक्क्यांनी आणि निर्मितीचा वेग 19.5 टक्क्यांनी वाढला. खाद्य इथेनॉल होते, हे विसरायचे नाही. ते विरघळलेले असते आणि जिवाणू ते सहज फोडतात. भाकरीचे तुकडे, भाताची पेज, केळीची साले आणि तेलकट रस्सा यांच्या मिश्रणात बराच वेळ घन पदार्थ विरघळण्यातच जातो आणि त्या टप्प्यावर कार्बन फारसा उपयोगी नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. 2017 मध्येच पोर्तुगालच्या मिन्हो विद्यापीठातील गटाने मिथेनजनकांच्या शुद्ध संवर्धात, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारा दुसरा जिवाणू अजिबात नसताना, कार्बन नॅनोट्यूब घातल्या. लिटरला 5 ग्रॅम नॅनोट्यूब असताना मिथेनोबॅक्टेरियम फॉर्मिसिकमचा मिथेन तयार करण्याचा सुरुवातीचा वेग 17 पट झाला. जोडीदारच नसेल तर इलेक्ट्रॉनची थेट देवाणघेवाण हे कारण पुरेसे ठरत नाही. तेव्हा "गॅस वाढला, म्हणजे थेट इलेक्ट्रॉन वहन झाले" हा निष्कर्ष घाईचा आहे. नॅनोट्यूब बनवताना निकेल, कोबाल्ट, लोह असे धातू उत्प्रेरक म्हणून वापरतात आणि त्यांचा अंश मालात राहतो. मिथेनजनकांना हेच धातू लागतात. ज्या टाकीत त्यांची टंचाई आहे तिथे नॅनोट्यूब टाकल्यावर आलेला फरक कार्बनचा की धातूंचा, हे वेगळे तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

आधी स्वस्त कारणे

अन्नाच्या कचऱ्यात सेलेनियम आणि कोबाल्ट कमी असतात. अमोनिया जास्त असलेल्या टाकीत मिथेनचा मार्ग हायड्रोजन वापरणाऱ्या मिथेनजनकांकडे झुकतो आणि त्या मार्गाला हे दोन्ही हवे असतात. इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठातील कामातून सेलेनियम सुमारे 0.16 आणि कोबाल्ट सुमारे 0.22 मिलिग्रॅम प्रतिकिलो हे किमान प्रमाण पुढे आले. त्यांच्या टंचाईत नेमके प्रोपिऑनिकच साचते. लक्षण तेच, कारण वेगळे.

आपल्या टाकीत अमोनिया-नायट्रोजन लिटरला 2400 मिलिग्रॅम आहे. पीएच 7.4 आणि 37 अंशांना त्यातला सुमारे 3 टक्के, म्हणजे 75 मिलिग्रॅम, मुक्त अमोनिया असतो. तो टाकी बंद पाडण्याइतका नाही.

स्लरीतल्या धातूंची चाचणी करून टंचाई दिसली तर लिटरला 0.2 मिलिग्रॅम वाढवायला 300 घनमीटरला 60 ग्रॅम सेलेनियम आणि 60 ग्रॅम कोबाल्ट लागते. म्हणजे सुमारे 130 ग्रॅम सोडियम सेलेनाइट आणि 240 ग्रॅम कोबाल्ट क्लोराइड हेक्झाहायड्रेट. पुढे रोजच्या 10 घनमीटर फीडसाठी अनुक्रमे साडेचार आणि आठ ग्रॅम. काही टन कार्बन आणण्याआधी या काही ग्रॅमांचा प्रश्न सुटायला हवा. सेलेनाइट विषारी आहे. हातमोजे आणि मास्क घालून, द्रावण करून, तोलून टाकावे. जास्त झाले तर तेच सूक्ष्मजीवांना मारते.

या सगळ्याआधी, पहिल्या दिवसापासून, फीड निम्मा करायचा. बाकीची तपासणी चालू असताना टाकीला श्वास घ्यायला वेळ मिळतो.

बाटल्यांतली चाचणी

चाचणीची मांडणी नीट नसेल तर पुढचा खर्च वाया जातो. एक लिटरच्या काचेच्या बाटल्या, प्रत्येक प्रकाराच्या तीन, 37 अंशांच्या पाण्यात ठेवा. प्रत्येकीत याच टाकीतली, पाच-सहा दिवस उपाशी ठेवलेली 600 ग्रॅम स्लरी घाला. व्हीएस 2 टक्के असेल तर ते 12 ग्रॅम. खाद्य म्हणून कचरा वापरू नका. प्रोपिऑनिकचाच प्रश्न आहे, तर तेच द्या. सोडियम प्रोपिओनेट रसायनांच्या दुकानात मिळते. बेकरीत बुरशी लागू नये म्हणून वापरतात त्याच जातीचे ते क्षार. बाटलीमागे 1.56 ग्रॅम म्हणजे 1.2 ग्रॅम प्रोपिऑनिक, लिटरला 2 ग्रॅम. त्यातून जास्तीत जास्त 0.64 लिटर मिथेन निघू शकतो. त्याच्या वर काही दिसले तर मोजणीत चूक आहे किंवा कार्बनमधूनच काही निघते आहे.

प्रकार असे: नुसती स्लरी. स्लरी आणि कार्बन, खाद्य नाही. स्लरी आणि प्रोपिओनेट. स्लरी, प्रोपिओनेट आणि सेलेनियम-कोबाल्ट. स्लरी, प्रोपिओनेट आणि कार्बन. स्लरी, प्रोपिओनेट, कार्बन आणि धातू. शेवटी कार्बनऐवजी त्याच आकाराची धुतलेली बारीक वाळू. वाळू वीज वाहत नाही, पण जिवाणूंना चिकटायला पृष्ठभाग देते. वाळूची बाटली कार्बनच्या बाटलीइतकीच चालली तर फायदा पृष्ठभागाचा आहे, वहनाचा नाही. मग महाग कार्बन कशाला?

कार्बन आधी धुवा. कोळशातल्या राखेने अल्कलिनिटी वाढते आणि तेवढ्यानेच टाकी सावरल्यासारखी दिसते. धुतल्यावरही त्या बाटलीचा पीएच इतरांशी जुळतो का ते पाहा.

बाहेर पडणारा गॅस सोडियम हायड्रॉक्साइडच्या तीव्र द्रावणातून नेला की कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड शोषले जातात आणि उरलेला मिथेन आकारमानाने मोजता येतो. तिसऱ्या, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या दिवशी प्रोपिऑनिक मोजा. किती गॅस आला यापेक्षा प्रोपिऑनिक निम्मे व्हायला किती दिवस लागले, तो आकडा निर्णयाचा.

वाचन सोपे आहे. नुसत्या धातूंनीच बाटली सावरली आणि कार्बनने त्यात भर पडली नाही, तर कार्बनचा विषय तिथे संपला. धातूंसोबत कार्बन असताना निम्मे व्हायचा काळ निदान चतुर्थांशाने घटला आणि वाळूने घटला नाही, तर पुढे जायला अर्थ आहे. चतुर्थांश हा आमचा व्यवहारी उंबरठा. त्याहून लहान फरक बाटल्या-बाटल्यांमधल्या चढउतारात हरवतो.

कोणता कार्बन

ग्राफिन लिटरला 1 ग्रॅम धरा. तीनशे घनमीटरला 300 किलो होते. एकदाच नव्हे, कारण इतकी बारीक पूड स्लरीबरोबर वाहून जाते. तीस दिवसांच्या मुक्कामात रोज 10 किलो बाहेर जाईल आणि तितकीच पुन्हा टाकावी लागेल. वर्षाला 3650 किलो, आणि ते सगळे खत म्हणून कुणाच्या तरी शेतात.

आता फायद्याची बाजू. गॅस 10 टक्के वाढला असे मानू, रोज 55 घनमीटर. एक घनमीटर बायोगॅस साधारण 0.45 किलो एलपीजीच्या जागी चालतो, म्हणजे रोज 25 किलो एलपीजी, 19 किलोच्या व्यावसायिक सिलिंडरपेक्षा थोडे जास्त. ग्राफिन परवडायला त्याच्या एका किलोची किंमत अडीच किलो एलपीजीपेक्षा कमी हवी. बाजारातला कोणताही खरा ग्राफिन या किमतीच्या जवळपास नाही.

नॅनोट्यूबांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्या श्वासातून फुप्फुसात जाऊ शकतात. त्यांच्या एका प्रकाराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2014 मध्ये संभाव्य कर्करोगकारकांच्या गटात टाकले. बाटलीतल्या चाचणीसाठी वापरायच्याच असतील तर कोरडी पूड उडू न देता, धूर-कोठीत (हवा बाहेर ओढणाऱ्या बंदिस्त कपाटात), ओल्या करूनच हाताळाव्यात. पसरवण्यासाठी साबणासारखे द्रव्य मिसळले तर त्याची वेगळी बाटली ठेवावी, कारण ते सूक्ष्मजीवांना विष ठरू शकते किंवा खाद्यही. ग्राफिन ऑक्साइड स्वस्त मिळाला म्हणून घेऊ नये. त्यातला ऑक्सिजन आधी स्वतःच इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि सुरुवातीला मिथेन उलट कमी येतो.

राहतो साधा कोळसा: बायोचार किंवा दाणेदार ॲक्टिव्हेटेड कार्बन. कोकणात नारळाच्या करवंटीचा आणि ऊसपट्ट्यात बगॅसचा मिळतो. विक्रेता आयोडीन क्रमांक (कोळसा किती आयोडीन शोषतो तो आकडा) सांगतो आणि तो जास्त असेल तर माल उत्तम म्हणतो. पाणी शुद्ध करायला ते ठीक. आपल्या कामाला तो क्रमांक जवळपास निरुपयोगी आहे. आयोडीन मोजतो त्या छिद्रांची रुंदी बहुतेक दोन नॅनोमीटरच्या आत असते आणि जिवाणू साधारण हजार नॅनोमीटरचा. तो आत शिरूच शकत नाही. त्याला लागतो बाहेरचा, खडबडीत, वीज वाहणारा पृष्ठभाग.

वहन घरच्या घरी तपासता येते. 20 मिलीमीटर आतल्या व्यासाची पीव्हीसी नळी, दोन्ही टोकांना पितळी चकत्या, मध्ये कोरड्या पुडीचा 50 मिलीमीटर स्तंभ, वर प्रत्येक वेळी तेच वजन. मल्टिमीटरने रोध मोजा. पन्नास ओहम आला तर वहन मीटरला सुमारे 3.2 सीमेन्स. चारशे अंशांच्या आसपास भाजलेल्या कोळशाचा रोध मल्टिमीटरच्या पट्टीबाहेर जातो. सातशे-आठशेच्या पुढे भाजलेला एकदम खाली उतरतो. कमी तापमानाचा कोळसा अगदी टाकाऊ नसतो. त्यावरचे क्विनोन नावाचे रासायनिक गट इलेक्ट्रॉन घेऊन, साठवून, परत देऊ शकतात. पण त्यात डांबरी अंश राहतो आणि तो सूक्ष्मजीवांना त्रास देतो. म्हणून पर्याय असेल तर जास्त भाजलेला घ्यावा.

लिटरला 5 ग्रॅम धरले तर 300 घनमीटरला 1500 किलो. सगळा वाहून जाऊ दिला तर रोज 50 किलो भर, आणि 25 किलो एलपीजीच्या हिशेबात कोळशाचा किलो अर्ध्या किलो एलपीजीपेक्षा स्वस्त हवा. हे शक्यतेच्या कक्षेत येते. कोळसा टाकीत टिकवून धरला तर सहज येते.

मोठ्या टाकीत टाकताना

दाणा 0.5 ते 2 मिलीमीटरचा. पूड वाहून जाते, मोठा खडा तळाशी बसतो. कोरडा कोळसा थेट टाकू नये. त्याच्या छिद्रांतल्या हवेमुळे तो तरंगतो, फेसात अडकतो आणि वरची साय जाड होते. आधी दोन दिवस कोमट पाण्यात भिजवावा, मग त्याच टाकीच्या, किंवा शेजारी गोबरगॅस चांगला चालत असेल तर त्याच्या, स्लरीत हवाबंद पिंपांत दोन आठवडे ठेवावा. जिवाणू दाण्यांवर बसलेले असले की टाकीत गेल्यावर वाट पाहावी लागत नाही. पिंप पूर्ण कोंडू नये, हवा आत न जाता गॅस सुटायला झाकणात नळी ठेवावी.

पंधराशे किलोचे पाच भाग करून तीन-तीन दिवसांच्या अंतराने टाकावेत. स्क्रू पंपातून नेऊ नये. करवंटीचा दाणा कडक असतो आणि पंपाचे रबरी अस्तर महिन्यांत खाऊन टाकतो. वरच्या झडपेतून किंवा फीड टाकीच्या पुढच्या नळीतून सोडावा. ढवळणी रात्री बंद ठेवायची सवय असेल तर ती मोडावी लागेल, नाहीतर दाणे तळाच्या वाळूत जमतात आणि गाळ काढताना तिच्याबरोबर जातात. बाहेरच्या वाटेवर शंकूच्या आकाराची छोटी निवळण टाकी बसवून तळातला दाणेदार भाग परत पाठवता येतो. जाळीच्या पिंजऱ्यात कोळसा टांगायची कल्पना कागदावर चांगली दिसते, पण खानावळीच्या कचऱ्यातले दोरे, केस आणि पिशव्यांचे तुकडे जाळी गुंडाळून टाकतात. प्लॅस्टिक वेगळे करण्याची यंत्रणा खरोखर उत्तम असेल तरच तो मार्ग घ्यावा.

हायड्रोजन सल्फाइड थोडा कमी दिसेल. ते शोषण आहे, काही आठवड्यांत संपते. त्यावर विसंबून गॅस शुद्धीकरणाचा लोखंडी भुसा कमी करू नये.

सर्वांत मोठी फसगत पहिल्या पंधरवड्यात होते. टाकीत लिटरला 2600 मिलिग्रॅम प्रोपिऑनिक आहे, म्हणजे एकूण 780 किलो. ते फुटले की सुमारे 410 घनमीटर मिथेन, म्हणजे जवळपास 690 घनमीटर बायोगॅस एकदाच सुटतो, सव्वा दिवसाच्या उत्पादनाइतका. कार्बन टाकल्यावर रोजचा गॅस 600 वर गेला आणि आनंदाने कचरा पुन्हा 7 टन केला, तर तो साठ्यातला गॅस होता हे महिन्याने कळते. म्हणून प्रोपिऑनिक 500 मिलिग्रॅमच्या खाली येईपर्यंतचा गॅस फायद्यात धरायचा नाही. त्यानंतरचे 30 दिवस, एक पूर्ण मुक्काम, नेहमीच्या 5 टन कचऱ्याच्या फीडवर मोजायचे आणि किलो व्हीएसमागचे मिथेन जुन्या नोंदींशी ताडायचे.

या तुलनेत वाढ लहान निघाली तरी निराश होण्याचे कारण नाही. अन्नाच्या कचऱ्यातला बहुतेक सेंद्रिय भाग तीस दिवसांत तसाही फुटतो. जो फुटत नाही त्याला कार्बन हात लावत नाही. खरा लाभ भाराच्या बाजूला असतो: 3.3 किलोवर स्थिर असलेली टाकी 4 किलोवर त्याच गुणोत्तराने चालते का? भार दर आठवड्याला 0.2 किलोने वाढवावा. दर दोन दिवसांनी टायट्रेशन करावे. गुणोत्तर 0.35 ओलांडले की पायरी थांबवावी, 0.4 ओलांडले की मागे यावे. ही वाढ कोळसा न घातलेल्या काळातही करून पाहिलेली असेल आणि तिथे टाकी आधी अडखळली असेल, तरच श्रेय कोळशाला द्यावे.

शेवटी स्लरी. कोळशासह ती शेतात जाणार आहे. करवंटी किंवा बगॅसचा, भट्टीत नीट भाजलेला, धुतलेला कोळसा जमिनीला चालतो. रंगवलेल्या लाकडाचा, प्लायवूडचा किंवा कारखान्याच्या बॉयलरमधला कुठलाही काळा माल, त्यात काय जळाले हे माहीत नसेल तर, टाकीत जाता कामा नये. खरेदी करतानाच विक्रेत्याकडून कच्चा माल, भाजणीचे तापमान आणि राखेचे प्रमाण लेखी घ्यावे, आणि पहिल्या खेपेतला एक किलो नमुना बंद डब्यात ठेवून पुढच्या प्रत्येक खेपेचा रोध त्याच नळीत, त्याच वजनाखाली मोजावा.